मागचं बघा

"आज गॅस पेटवू नका," काटकर सर स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले.

अलका मावशी ताटात तांदूळ घेऊन खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "मग पोरं काय खातील?"

"बिस्किटं मागवलीत."

"का पण, सर? काय झालं?"

मुख्याध्यापकांनी आपला मोबाईल माझ्या हातात दिला. "होनराव मॅडम, बघा. सकाळपासून गावभर फिरतंय."

व्हिडिओ छोटासा होता. स्टीलच्या भांड्यात पाणी. एक हात त्यात मूठभर तांदूळ सोडतो. बहुतेक दाणे तळाशी जातात, काही वर तरंगत राहतात. मागे रडवेलं संगीत आणि पडद्यावर लाल अक्षरं: 'निमसडे शाळेत मुलांना प्लास्टिकचा तांदूळ? पालकांनो, जागे व्हा.' चेहरा नाही, आवाज नाही. गावच्या ग्रुपवर तो पुण्याला नोकरीला असलेल्या कोणीतरी टाकला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, मलाही दुसरीकडूनच आला.

मावशींनी माझ्या खांद्यावरून तो पाहिला. पदराला हात पुसले, पुन्हा पाहिला.

"मी रोज हाच भात खाते की, मॅडम. उरला तर घरी नेते. माझी म्हातारी सासू खाते."

"मावशी, तुमच्यावर कोणी काही म्हणत नाहीये," काटकर सर म्हणाले.

"म्हणतील," मावशी म्हणाल्या. "जावळाला पातेलं दिलं नाही तवापासनं अध्यक्ष माझ्याशी बोलंनात."

शाळेचं मोठं पातेलं गावातल्या प्रत्येक कार्याला लागायचं. एकदा एका साखरपुड्याहून ते बूड करपवून परत आलं, तेव्हापासून ते बाहेर द्यायचं नाही असं काटकर सरांनीच मावशींना बजावलं होतं. पुढं शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष बाळासाहेब गडदे यांच्या मुलाचं जावळ निघालं. त्यांचा माणूस पातेलं न्यायला आला आणि मावशींनी त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. अध्यक्षांना तालुक्याहून भाड्यानं भांडी आणावी लागली. ही गोष्ट गावाला ठाऊक होती आणि गाव ती हसत हसत सांगायचं.

दुपारपर्यंत फाटकाशी पालक जमले. एकजण म्हणत होता, "माझ्या पोराच्या पोटात दुखतंय कवाधरनं." दुसरा म्हणाला, "त्याच्या पोटात परीक्षा आली की दुखतंय." कोणी हसलं नाही. शेवटी गडदे स्वतः आले. पांढरा शर्ट, बोलणं शांत. त्यांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं. "सोमवारी मीटिंग लावू. सगळ्यांसमोर काय ते ठरवू. तोवर स्वयंपाकाच्या बाईंनी सुट्टी घ्यावी."

मावशींनी किल्ली काटकर सरांच्या टेबलावर ठेवली. सासू, दोन मुली आणि ही चूल, एवढाच त्यांचा संसार होता. मीटिंगमध्ये काय ठरतं त्यावर तो उभा होता आणि ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी त्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवायचे. शनिवारी दप्तर आणायचं नसे. त्या दिवशी मी वर्गात एक खेळ घ्यायचे. सुरुवात परिपाठापासून झाली होती. रोज एक मूल पुढे येऊन 'आजची बातमी' वाचतं. पूर्वी ती वर्तमानपत्रातून यायची, मग बापाच्या मोबाईलमधून यायला लागली. एकदा एकानं वाचलं की सूर्य तीन दिवस उगवणार नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण बातमीनंतर टाळ्या वाजवायची पद्धत होती. तेव्हापासून मी नियम केला: बातमी वाचणाऱ्यानं हे कोणी पाहिलं, कुठं, कधी आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळतं, हेही सांगायचं. आणि चित्र असेल तर आधी मागचं बघायचं. माणसं जे दाखवायचं ते पुढं ठेवतात. मागं जे राहतं ते त्यांच्या ध्यानात नसतं. मुलांनी या खेळाचं नावच 'मागचं बघा' ठेवलं होतं. पुराचा फोटो आला की ती दुकानाच्या पाटीवरची लिपी बघायची. बिबट्या आला म्हटलं की झाडं बघायची.

या खेळात सगळ्यात तरबेज होती आठवीतली तेजल. अध्यक्षांची मुलगी. एकदा तिनं माझ्याच फोटोवरून ओळखलं होतं की मी सुट्टीत महाबळेश्वरला नाही, माझ्या बहिणीच्या गच्चीवर होते. "मॅडम, मागं सोलरचा बंब दिसतोय," ती म्हणाली होती, आणि वर्ग हसून लोळला होता.

त्या शनिवारी मी तोच व्हिडिओ वर्गात नेला.

"खरं की खोटं, मला विचारायचं नाही," मी म्हटलं. "तुम्ही शोधा."

समीर तांबोळीनं घरून तांदूळ आणला होता. दिवाळीच्या सुट्टीत शाळेनं कोरडा तांदूळ मुलांना वाटला होता, त्यामुळे तो घरोघरी होता. त्यानं दाणे पाण्यात टाकले. काही तरंगले.

सगळी मुलं भांड्यावर वाकली. खरं सांगायचं तर मीही.

"म्हणजे व्हिडिओ खरा हाय," कोणीतरी मागून म्हणालं.

"दाणे तरंगतात एवढं खरं आहे," मी म्हटलं. "प्लास्टिक आहे हे अजून कोणी दाखवलंय?"

मग त्यांनी तरंगणारे दाणे वेगळे काढले. समीरनं चिमट्यात धरून एक दाणा मेणबत्तीवर जाळला. तो काळा पडला, वितळला नाही. वास करपलेल्या भाकरीसारखा आला. शेजारी पेनाचं टोपण धरलं, ते गळायला लागलं आणि वर्गभर घाण सुटली. दुसरा दाणा बोटांत चुरला तर पीठ झालं.

"मग हे काय हाय, मॅडम?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "तांदूळ कशातून येतो?"

"पोत्यातनं."

पोती व्हरांड्यातच होती. जेवणाच्या वेळी मुलं फाटक्या पोत्यांवर बसायची, छापील बाजू खाली करून, कारण तिचा रंग चड्डीला लागायचा. मुलांनी एक पोतं उलटं केलं. त्यावर 'गुणसंवर्धित तांदूळ' असं ठसठशीत छापलं होतं. मी वर्गातूनच तालुक्याच्या पोषण आहार अधिकाऱ्यांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. ते वैतागून म्हणाले की तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून त्याचे दाणे बनवतात, ते साध्या तांदळात थोडे थोडे घालतात. हलके असतात, काही तरंगतात. सगळ्या जिल्ह्यात हाच तांदूळ आहे.

मुलांनी बाकं बडवली. मावशी सुटल्या असं त्यांना वाटलं.

"आता मागचं बघायचं," समीर म्हणाला.

त्यांनी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. हिरव्या रंगाची खिडकीची चौकट. गावात निम्म्या घरांना तोच रंग होता. भांड्याच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं काहीतरी, भांड्यावर नाव घालतात तसं. पण हात मध्ये येत होता आणि अक्षरं लागत नव्हती.

"तेजल, तुला काय दिसतंय?" कोणीतरी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

ती पहिल्यांदाच असं म्हणाली होती.

शाळा सुटल्यावर ती रेंगाळली. मी फळा पुसत होते.

"मॅडम, मागचं बघितलं की सांगायलाच पाहिजे का?"

मी वळले. ती माझ्याकडे नाही, फळ्याकडे बघत होती. मला कळायला वेळ लागला नाही.

"तांदूळ प्लास्टिकचा नाही हे आपण दाखवलंय," मी म्हटलं. "सोमवारी तेवढंच सांगायचं. तेवढं पुरेसं आहे."

"मग मावशींना ठेवतील?"

"त्यांची चूकच नाही तर काढतील कशाला?"

तिनं मान हलवली आणि गेली.

सोमवारी मीटिंग सातवीच्या वर्गात भरली. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. अलका मावशी आत आल्या नाहीत. दाराबाहेर खांबाला टेकून उभ्या राहिल्या. समीरनं दाणा जाळून दाखवला, टोपण जाळून दाखवलं. तेजलनं पोतं उलगडून त्यावरचं वाचलं. अधिकाऱ्यांनी फोनवर पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा गोड आवाजात. पालकांनी दाणे चुरून पाहिले. एका म्हाताऱ्यानं एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाला, "पीठच हाय की रं."

"शाब्बास," गडदे म्हणाले आणि त्यांनी आधी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. "पोरांनी लई चांगलं काम केलं. मॅडमचंही अभिनंदन. तांदूळ चांगला हाय, विषय मिटला."

मी मावशींकडे बघितलं. त्यांनी खांबाचा आधार सोडला होता.

"आता राहिला स्वयंपाकाचा प्रश्न," गडदे पुढं म्हणाले. "आमचं अलकाबाईंबद्दल काय म्हणणं न्हाई. पण एकदा लोकांच्या मनात आलं की ते निघत न्हाई. पोरं भात टाकून उठायला लागली तर जबाबदार कोण? तवा बाई बदलावी असं माझं मत हाय."

"पण तांदूळ चांगला आहे असं तुम्हीच आत्ता म्हणालात," मी म्हटलं.

"तांदूळ चांगला हाय, मॅडम. मन कुठं चांगलं हाय?" कोणीतरी हसलं. "व्हिडिओ कुणी काढला, का काढला, आपल्याला ठाऊक न्हाई. पण गाव घाबरलं, हे तर खरं?"

"पप्पा."

तेजल अजून पुढंच उभी होती, पोत्याशेजारी. तिनं दप्तराची चेन उघडली. आतून एक स्टीलचं भांडं काढलं आणि टेबलावर, समीरच्या मेणबत्तीजवळ ठेवलं. मग ते हळूच फिरवलं. काठाखाली ठिपक्यांनी कोरलं होतं: 'चि. तेजल हिस मामांकडून'.

"व्हिडिओतलं भांडं हे आहे," ती म्हणाली. "चौकट आपल्या मोरीच्या खिडकीची आहे."

कोणी मोबाईल काढून पाहिला नाही. गरज नव्हती. सगळे गडद्यांकडे बघत होते.

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, एवढं मी पाहिलं. मग ते हसले. कसनुसं नाही, मोकळं हसले.

"बघा, मॅडमनी पोरगी कशी तयार केली. बापाला पण सोडत न्हाई." त्यांनी भांडं हातात घेऊन फिरवलं. "होय. मीच काढला. पालक म्हणून काढला. पाण्यात टाकला, तरंगला, मला काळजी वाटली. खोटं काय दाखवलं मी? तुमच्या वर्गात पण तरंगलाच की."

"तुम्ही प्लास्टिक लिहिलं होतं."

"मी इचारलं होतं, मॅडम." त्यांनी स्वतःचा मोबाईल काढून माझ्यापुढं धरला आणि बोट ठेवलं. "हे काय हाय? प्रश्नचिन्ह. इचारायचं न्हाई का? तुम्हीच तर पोरांना शिकवता, प्रश्न इचारा म्हणून."

बाकांवरून संमतीचा हुंकार आला. तोंडात दाणा टाकलेला म्हातारा म्हणाला, "काळजीपोटीच केलंय त्यानं." दुसरा म्हणाला, "अध्यक्ष जागरूक हाईत म्हणून तर तपासलं गेलं."

तेवढ्यात मावशी दारातून बोलल्या. आवाज मोठा नव्हता. "सर, जावळाला पातेलं द्यायचं न्हाई असं तुम्हीच सांगितलं होतं ना मला?"

काटकर सरांनी समोरचे कागद नीट लावले. "तो विषय आज पटलावर नाही, मावशी."

"सर, सांगितलं होतं की नाही?" मी विचारलं.

"मॅडम, प्लीज," ते म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि त्यांना ते याच गावात काढायचं होतं.

ठराव झाला. मुलांचं अभिनंदन, अध्यक्षांच्या सतर्कतेबद्दल आभार आणि स्वयंपाकासाठी पर्यायी व्यवस्था. मी शिक्षक प्रतिनिधी म्हणून विरोध नोंदवला. तो नोंदवून घेतला गेला.

उठताना गडद्यांनी भांडं तेजलच्या हातात दिलं. "दप्तरात घाल. आई शोधत असंल."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. मला वाटलं नव्हतं.

"मारलं का?" मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"नाही. पप्पा काहीच बोलले नाहीत. आई बोलत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, मी सांगितलं तेव्हा सगळे पप्पांकडे बघत होते. मावशींकडं कुणीच बघितलं नाही."

"तू बरोबर केलंस."

"पप्पांनी प्रश्नचिन्ह टाकलं होतं म्हणून ते सुटले." ती हे तक्रारीच्या सुरात नाही, गणिताची पायरी सांगावी तसं म्हणाली. "आणि मी भांडं ओळखलं म्हणून ते सापडले. दुसरं भांडं असतं तर नसते सापडले."

मी तेव्हा काहीतरी म्हणाले. काय, ते आठवत नाही. तिच्या उपयोगाचं नव्हतं एवढं आठवतं.

आठवड्याभरात स्वयंपाकाला गडद्यांची भावजय आली. तांदूळ तोच होता, तरंगणारे दाणे तेच. मुलं पूर्वीसारखी पोत्यांवर बसून भात खायची, कोणी टाकून उठलं नाही. पातेलं कार्याला जायला लागलं. शनिवारी मुलांची कवायत घ्या, कवायत मागं पडली आहे, असं काटकर सरांनी मला सांगितलं. परिपाठात बातमी वाचली जायची, टाळ्या वाजायच्या. तेजलनं पुन्हा बातमी वाचली नाही.

मी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे दोनदा जाऊन आले. त्यांनी ठराव वाचला आणि म्हणाले, समितीचा अधिकार आहे. एकदा अलका मावशींच्या घरी गेले. त्या कांद्याच्या चाळीवर कामाला लागल्या होत्या. अंगाला, केसांना, चहाच्या कपालाही कांद्याचा वास येत होता.

"तांदूळ चांगला व्हता, हे समद्या गावाला पटलं ना, मॅडम?" त्यांनी विचारलं.

"पटलं."

"मंग झालं," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला उठल्या. धाकटी मुलगी पुढच्या वर्षी शाळेतून काढली. मोठीचं लग्न झालं. त्या लग्नाला शाळेचं पातेलं मागायला मावशी गेल्या नाहीत.

पुढं माझी बदली झाली.

गेल्या वर्षी पंचायत समितीच्या निवडणुकीच्या कामासाठी मला तालुक्याला प्रशिक्षणाला जायचं होतं. ओळखपत्राला फोटो हवा होता म्हणून स्टँडसमोरच्या एका स्टुडिओत शिरले. आत दोन मुलं संगणकावर बसली होती आणि त्यांच्या मागं उभी राहून एक तरुण मुलगी बोटानं पडदा दाखवत सूचना देत होती. तिनं वळून पाहिलं आणि वाकून नमस्कार केला.

"मॅडम, ओळखलं का?"

तेजल होती. केस कापलेले, गळ्यात मोबाईल लटकवलेला. तिनं चहा मागवला, माझा फोटो स्वतः काढला, खांदे सरळ करायला लावले.

"इथं नोकरी करतेस?"

"माझाच आहे स्टुडिओ. फोटोंवर काय भागतं? इलेक्शनचं काम करते. उमेदवारांची पेजेस सांभाळते." ती हसली. "पप्पा उभे आहेत निमसडे गणातून. त्यांचं पण करते."

"आणि त्यांच्या विरोधातल्याचं?"

"त्याचं हा मुलगा बघतो," तिनं एका खुर्चीकडं बोट केलं. "पैसे दोघांकडून आगाऊ घेते."

त्या मुलाच्या पडद्यावर एक काचेचा पेला होता. त्यात गढूळ, पिवळट पाणी. खाली लाल अक्षरं: 'हेच पाणी तुमच्या नळाला येतं का?'

"हे कुठलं पाणी?" मी विचारलं.

"मॅडम, प्रश्न आहे," ती म्हणाली. "बघा ना, शेवटी काय आहे."

मी तिच्याकडं बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. उलट, जुन्या शिक्षिकेला वही दाखवताना मुलं बघतात तशी माझ्याकडं बघत होती.

"मागचं बघा," ती म्हणाली.

मी बघितलं. पेल्यामागं पांढरा कपडा होता. चौकट नाही, भिंत नाही, पेल्यावर नाव नाही, धरणारा हातसुद्धा नाही.

"काही दिसत नाही," मी म्हटलं.

"नवीन पोरांना मी पहिलं हेच शिकवते."

चहा आला. मी तो प्यायले. फोटोचे पैसे तिनं घेतले नाहीत.

संध्याकाळी बसमध्ये मोबाईल वाजला. शिक्षकांच्या जुन्या ग्रुपवर काटकर सरांनी काहीतरी पाठवलं होतं. निवृत्त झाल्यापासून ते रोज पाठवतात. तोच पेला होता. खाली त्यांनी लिहिलं होतं: 'खरं आहे का? होनराव मॅडम, तुम्ही यातल्या जाणकार. कृपया पडताळून सांगणे.'

मी सवयीनं चित्र मोठं केलं आणि कडेकडेनं पाहत गेले. कपडा इस्त्री केलेला होता.